दोर ओढणारा जॉन लॉसन

५ ऑगस्ट, रात्री

आज मोबाइल बेच्या लढाईची तारीख. अमेरिकन यादवी, साल १८६४, अलाबामाचा किनारा. ही लढाई म्हटली की सगळ्यांना उत्तरेच्या ताफ्याचा अॅडमिरल फॅरागट आठवतो. धुराच्या वर दिसावं म्हणून आपल्या ‘हार्टफर्ड’ जहाजाच्या डोलकाठीच्या दोरखंडांवर चढलेला आणि पडू नये म्हणून तिथेच बांधून घेतलेला. पुढचं ‘टेकमसे’ हे चिलखती जहाज सुरुंगावर आदळून बघता बघता बुडालं, तरी याने ताफा पुढेच रेटला. ‘सुरुंग गेले खड्ड्यात’ अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या तोंडी घालतात. तो नक्की काय ओरडला, देव जाणे.

मला मात्र दिवसभर आठवत राहिला तो ‘हार्टफर्ड’च्याच पोटातला जॉन लॉसन. फिलाडेल्फियाचा, कृष्णवर्णीय, हुद्दा लँड्समन, म्हणजे नौदलातली अगदी तळाची पायरी. खलाशी झोपायचे त्या मजल्यावर सहाजणांची टोळी कप्पीवरून दोर ओढायची, आणि विहिरीवरच्या रहाटासारखे खालून तोफगोळे वर जायचे. तो दोर थांबला की वरच्या तोफा मुक्या.

शत्रूचा गोळा नेमका त्या टोळीवर फुटला. सहाजणांत धड असं जवळजवळ कोणी उरलं नाही. लॉसनचा पाय जखमी झाला आणि तो जहाजाच्या भिंतीवर जोरात फेकला गेला. भानावर आल्यावर सगळे सांगत होते, खाली जा, मलमपट्टी करून घे. त्याने ऐकलं नाही. पुन्हा दोर धरला तो लढाई संपेपर्यंत सोडला नाही.

वर तोफेवर उभा असलेल्याला निदान शत्रू दिसतो, रागाला वाट मिळते. याला काय दिसत होतं? अंधार, धूर, पायाखाली रक्त आणि सोबत्यांची प्रेतं. आपण जिंकतोय की बुडतोय हेही कळायला मार्ग नाही. ‘टेकमसे’च्या पोटातल्या माणसांना तरी कुठे कळलं होतं! तशात पुन्हा त्याच जागी जाऊन उभं राहायचं, हे मला अॅडमिरलच्या चढण्यापेक्षा अवघड वाटतं. शौर्य तोलायचं नसतं म्हणतात, पण मी तोललं.

त्याच टोळीत विल्सन ब्राउन होता, मिसिसिपीत गुलामगिरीत राहिलेला. शिडीवरचा माणूस गोळ्याने उडाला आणि त्याच्या धक्क्याने ब्राउन खाली बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला आणि तोही थेट दोराशी. दोघांनाही ‘मेडल ऑफ ऑनर’, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. लॉसनचं तर त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला.

फॅरागटचा पुतळा १८८१ पासून वॉशिंग्टनच्या चौकात उभा आहे, हार्टफर्डला पुढे ढकलणाऱ्या पंख्याचाच धातू वितळवून ओतलेला. असू दे, त्याचा तो मान आहेच. पण इतका धातू हाताशी होता, तर शेजारी एक कप्पी ओतायला काय हरकत होती?