लॉट खराब की रायफल?

"दादा, लॉटच खराब आलाय. चांगली सुटलेली गोळीसुद्धा खाली नऊच्या वर्तुळात जाते."

पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरातल्या नेमबाजीच्या रेंजवर ही तक्रार हमखास येते. लॉट म्हणजे कंपनीनं एका खेपेत बनवलेली काडतुसं. ती घेऊन आलेला मुलगा पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेम धरायचा प्रकार, खेळणारा, रायफल जर्मन, काडतुसं परदेशी मॅच ग्रेडची. स्पर्धा तोंडावर होती आणि घरचे नव्या लॉटसाठी पैसे जमवत होते. २०२४ मध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधून रायफल नेमबाजीचं कांस्य आणलं. आता इथं प्रत्येक घराला वाटतं, गोळी भारी घेतली की झालं.

परदेशात सेंटरफायर, म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाशी मधोमध असलेल्या, रायफलवाले काडतूस स्वतः भरतात. दारू किती, गोळी किती खोल बसवायची, हे सगळं आपल्या बॅरलप्रमाणे (नळीप्रमाणे) जुळवतात. आमच्या .२२ इंची रायफलीच्या काडतुसात ती वाटच बंद. पेटवणारा मसाला पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) कडेच्या आतच असतो. रायफलीतल्या ठोका मारणाऱ्या पिननं कड चेपली की पुंगळी संपली, ती पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे लोड जुळवणं म्हणजे लॉट निवडणं. कंपनी तीच, डबा तोच, तरी लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, बदलतो. कडेत मसाला किती सारखा पसरला, दारू, शिसं, वरचं मेण, सगळ्यात बारीक फरक राहतात.

हिशेब असा. निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी, गोळी ५.६ मिमी. रेषेला नुसती शिवली तरी दहा. म्हणजे बाहेरच्या कडांपासून मोजलेला ग्रुप मधोमध २१.६ मिमीत बसला तर सगळे दहा. पण प्रोनमध्ये गुणाचे दशांशही मोजतात आणि एक दशांश म्हणजे फक्त ०.८ मिमी. एकही गोळी १०.५ च्या खाली जाऊ द्यायची नसेल तर ग्रुप १३.६ मिमीच्या आत हवा. एवढ्या बारीक कामात माणसाचा खांदा मध्ये नको.

म्हणून स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) काढला आणि बॅरल-ॲक्शन, म्हणजे नळी आणि तिच्यामागची यंत्रणा, उद्यमनगरातल्या कारखान्यातून करून घेतलेल्या शिकंज्यात आवळली. स्टॉकचे स्क्रू नीट आवळलेले नसतील ही शंका तिथंच मिटली. मुलाकडे चार लॉट होते. प्रत्येक लॉटचे पहिले दहा-पंधरा राउंड मोजायचे नसतात, कारण बॅरलमध्ये आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो. नंतर दहा-दहाचे चार ग्रुप मारायचे आणि चाळीसही भोकं एकाच कागदावर चढवून बघायची. एकट्या दहाच्या ग्रुपवर लॉट विकत घेणाऱ्यांना मी जुगारी म्हणतो. दहा गोळ्या कुठलाही लॉट छान मारतो.

चारही लॉटचं चित्र एकच आलं. आडवा पसारा नेटका आणि दोन-तीन गोळ्या सरळ खाली. वारा गोळीला मुख्यतः आडवी ढकलतो; खाली उतरलेली गोळी सहसा वेगाची गोष्ट सांगते. मॅच काडतुसाचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी. पन्नास मीटर जाईपर्यंत गोळी साधारण साडेबारा सेंटिमीटर पडते. वेग १० मीटरनं घटला तर ती आणखी सात-आठ मिमी खाली जाते, जवळजवळ एक अख्खा गुण. क्रोनोग्राफवरही (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरही) तेच दिसलं, खाली गेलेल्या गोळ्या हळू होत्या.

पण चार वेगळे लॉट एकाच तऱ्हेनं बिघडत नाहीत. दुसऱ्या रायफलमधून उत्तम चालणारा एक लॉट आम्ही पडताळणीसाठी ठेवलेला असतो. तो लावला, त्यातल्याही गोळ्या खाली. मग रिकाम्या पुंगळ्या उडाल्या त्या क्रमानं टेबलावर मांडल्या आणि कडेवरचे पिनचे ठसे भिंगातून बघितले. काही खोल आणि ठळक, काही उथळ. उथळ ठशांच्याच गोळ्या खाली होत्या.

रायफल रिकामी असल्याची खात्री केली, चष्मा लावला (स्प्रिंग ताणलेली असते) आणि बोल्ट (पिन आणि स्प्रिंग ज्यात असते तो मागचा सरकता दांडा) उघडला. पिन आणि स्प्रिंगवर तपकिरी चिकट थर. इथला पाऊस आणि दमट हवा बघून लोक गंज येईल या धास्तीनं बोल्टमध्ये शिलाई मशीनचं तेल ओततात. त्यात काजळी आणि न जळलेली दारू मिसळते आणि घट्ट होते. पिन कधी मोकळी धावते, कधी अडखळते. ठोका कमी पडला की मसाला एकसारखा पेटत नाही आणि वेग घसरतो. ठोका तरी प्रत्येक वेळी बसतो, काडतूस उडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

सगळे भाग व्हाइट पेट्रोलमध्ये धुतले आणि पूर्ण सुकवले. पिन आणि स्प्रिंग कोरडीच ठेवायची. फार तर तेलाचं बोट लावून लगेच पुसून काढायचं. ग्रीस फक्त बोल्टच्या घासणाऱ्या कडांना, तांदळाच्या दाण्याएवढं. गंजाची काळजी असेल तर बाहेरून तेलाचं फडकं फिरवा आणि रायफल पेटीत न ठेवता कोरड्या कपाटात ठेवा. ओल धरलेल्या फोमच्या पेटीनं जितक्या बॅरल खराब होतात तितक्या पावसानं होत नाहीत. काडतूस बसतं त्या चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं जमलंय का तेही बघून घेतलं, तेवढं नव्हतं. बॅरल साफ करायचा रॉड मागून, त्याला सरळ धरणारं गाइड लावूनच घातला. पुढून घातला तर बॅरलच्या पुढच्या तोंडाची कड झिजते आणि मग कुठलाच लॉट चालत नाही.

पुन्हा तेच लॉट मारले. खाली जाणाऱ्या गोळ्या थांबल्या आणि लॉटमधला खरा फरक आता दिसायला लागला. एकाचे चाळीस राउंड चौदा मिमीच्या जरा वर बसले, दोन मध्यम निघाले, एक सतरापाशी गेला. गंमत म्हणजे क्रोनोग्राफवर सर्वांत एकसारखा वेग दाखवणारा लॉट पहिला आला नाही. गोळी सुटते त्या क्षणी बॅरल कंपनात नेमकी कुठं आहे, यावरही ग्रुप ठरतो. म्हणून वेगाचे आकडे बघून डबा निवडू नये, कागद बघावा.

स्पर्धेला त्यानं पहिला लॉट नेला. सतरावाला त्याच दुपारी दुसऱ्या एका मुलीच्या रायफलवर लावून बघितला. तिच्या बॅरलमध्ये तोच सगळ्यांत चांगला बसला आणि उरलेले डबे तिच्या घरच्यांनी मागून घेतले.