आधी सगळे बरे आहेत ना ते सांग

परवा दुपारी एका सॉफ्टवेअर लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडचं, डॉक्युमेंटेशन उघडलं. पहिल्याच पानावर इन्स्टॉलेशन, मग कॉन्फिगचे, म्हणजे सेटिंगचे, साठेक ऑप्शन, प्रत्येकाची डिफॉल्ट व्हॅल्यू, सगळं मन लावून लिहिलेलं. वीस मिनिटं स्क्रोल करत गेलो तरी ही बया नक्की करते काय ते कुठे सापडेना, शेवटी मुकाट टॅब बंद केला.

लहानपणी घरी पत्र आलं की वाचून दाखवायचं काम माझं. मी पाकीट फोडून पहिली ओळ सुरू करतोय तोवर आजी हात वर करायची, "अरे आधी सगळे बरे आहेत ना ते सांग, मग वाच सावकाश." मी भरभर खालपर्यंत नजर फिरवायचो, हो म्हणायचो, आणि मग ती भिंतीला टेकून, पाय पसरून अख्खं पत्र ऐकायची, कधी कधी दोनदा. पत्र कितीही लांब असलं तरी तिची ना नसायची.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमधेही प्रत्येक पानाच्या डोक्यावर हेच आहे, कमांडचं नाव, पुढे डॅश आणि दोन-चार शब्द. आजही व्हॉटइज ही कमांड आणि पुढे हव्या त्या कमांडचं नाव टाइप केलं की तीच ओळ समोर येते. खालचं पान पुढे इतकं वाढलं की २०१३ मधे लोकांनी टीएलडीआर पेजेस, म्हणजे थोडक्यात उदाहरणं देणारी पानं, वेगळी लिहायला घेतली, ते सोडा.

आमच्या टीममधे जुन्या डॉक्युमेंट्सवर दोन-दोन ओळींचा ओव्हरव्ह्यू टाकायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलंय. वाटतं तितकं सोपं नाही हो. जावाडॉक, म्हणजे जावा कोडमधल्या टिपांवरून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल, टिपेतलं पहिलं वाक्य उचलून वरच्या तक्त्यात टाकतं, आणि वाक्य संपलं हे त्याला कळतं पूर्णविराम आणि पुढची मोकळी जागा बघून. मी एके ठिकाणी अप्रॉक्सिमेट शब्द टिंब देऊन तोडला, तर तक्त्यात एवढंच आलं, 'रिटर्न्स द अप्रॉक्स.' पुढे काही नाही! कुणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणजे तो तक्ता वाचतं तरी कोण देव जाणे.

आता कोडचा एकच भाग, एकच मॉड्यूल उरलंय. आठ दिवस झाले, वरच्या रिकाम्या ओळीत कर्सर नुसता लुकलुकतोय. खालच्या तीनशे ओळी माझ्याच हातच्या आहेत, पण हे करतं काय म्हणून कुणी विचारलं तर... बरं आहे, एवढंही छातीठोक सांगता यायचं नाही.