तुम्ही विचारलंत म्हणून : पटवणं आणि विचारणं

पालकसभा संपली की जिन्यात, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, कुणी ना कुणी आवाज खाली आणून विचारतंच, "मॅडम, हे डेटिंग-बिटिंग, मुलामुलींनी एकमेकांशी कसं वागायचं, हे आता शाळेनं शिकवायला पाहिजे का हो?" मी नाशिकला, सिडकोच्या बाजूला, मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. जिन्यात उभ्याउभ्या द्यायचं हे उत्तर नाही, म्हणून लिहून देतेय.

शाळा हे शिकवतेच, आणि कधीपासून शिकवते. आपण काय शिकवतोय, याकडे मात्र कुणी बघत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत शिक्षणसेवक होते. आठवीतल्या एका मुलानं वर्गातल्या मुलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी ठेवली. चार ओळी आणि खाली लाल पेनानं काढलेलं गुलाबाचं फूल. चिठ्ठी वर्गशिक्षकांच्या हाती लागली. दिवस श्रावणातले होते. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर दोघांना पुढं बोलावलं, मुलीच्या हातात राखी दिली आणि सांगितलं, "बांध. आजपासून हा तुझा भाऊ." तिचे हात इतके थरथरत होते की गाठ दोनदा सुटली. मुलगा खाली फरशीकडे बघत होता, पण मनगट त्यानं नीट पुढं धरलं होतं, तिला बांधायला सोपं जावं म्हणून. वर्ग हसत होता. मी हजेरीपट घेऊन दारात उभी होते. बोलले नाही. तीन वर्षं पुरी व्हायची होती, नोकरी कायम व्हायची होती. ते सगळं खरंच होतं. त्या मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं होतं, तेही खरं आहे.

त्या दहा मिनिटांत पन्नास मुलं काय शिकली? कुणी आवडणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा चारचौघांत होते. मुलगी काय शिकली? पेटीत चिठ्ठी दुसऱ्यानं टाकली तरी ती निस्तरायची तिनंच. तिला तो आवडत होता की नव्हता, चिठ्ठी वाचून तिला राग आला की भीती वाटली, हे कुणी विचारलंच नाही. तिला विचारायचं असतं, हेच त्या वर्गाला कळलं नाही. माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीभोवती आहे.

मुलांच्या तोंडचे शब्द ऐका. 'लाईन मारतो', 'सेट झाली', 'भाव खाते', आणि सगळ्यांत जुना, आपल्या पिढीनंही वापरलेला 'पटवली'. पटवणं म्हणजे समोरच्याला पटत नसलेली गोष्ट त्याच्या गळी उतरवणं. ज्याच्या डोक्यात हे क्रियापद बसलंय, त्याच्या लेखी मुलीचं 'नाही' हे उत्तर नसतंच, ती कामाची सुरुवात असते. मग तो क्लासपासून घरापर्यंत गाडीवर मागे येतो, तिच्या मैत्रिणीला मध्ये घालतो, नवीन नंबरावरून मेसेज करतो. आपण वाईट वागतोय असं त्याला वाटत नाही. आपण मनापासून प्रयत्न करतोय असं वाटतं. पण २०१३ पासून कायद्यात हाच गुन्हा आहे. मुलीनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं. आता तो भारतीय न्याय संहितेत आहे. माझ्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण खऱ्या आश्चर्यानं म्हणाला, "मॅडम, पण मग कळणार कसं तिला, की आपण सिरियस आहोत?"

त्याला रागवावंसं वाटलं नाही. त्याला कुणी दुसरं क्रियापद दिलेलंच नव्हतं. ते आपल्या भाषेत आहे, साधं आहे : विचारणं. विचारलं की उत्तर दोन प्रकारचं येऊ शकतं, हे त्या शब्दातच आहे.

पुस्तकात काय आहे, तेही सांगते. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मानवी पुनरुत्पादन आहे, शरीराबाहेरचं फलन (आयव्हीएफ) आहे, सरोगसी आहे, वीर्यपेढी आहे. 'सामाजिक आरोग्य' असा आख्खा धडा आहे. व्यसनं, ताणतणाव, मोबाईलचा अतिवापर त्यात येतो. चांगलाच धडा आहे, मी मनापासून शिकवते. पण शेजारच्या बाकावरच्या मुलीशी पहिलं वाक्य काय बोलायचं आणि ती नको म्हणाली तर पुढचं वाक्य काय, हे कुठल्याच धड्यात नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. शाळेमागे दोन शिक्षक आणि अकरा विषय, त्यांत भावनिक आरोग्य आहे, परस्परसंबंध आहेत. पुढच्याच महिन्यात करोनानं शाळा बंद झाल्या. शाळा उघडल्या तेव्हा मुलं दीड-दोन वर्षं फक्त पडद्यावर बोलून आलेली होती. कुणाच्या नजरेला नजर देणंही काहींना जड जात होतं.

तेव्हापासून मी शनिवारी, सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला एक बुटांचा खोका टेबलावर ठेवते. झाकणाला फट पाडलेली. नावाशिवाय चिठ्ठी टाकायची. खोका उघडण्याआधी दर वेळी एक गोष्ट सांगते : कुणी तुम्हाला इजा केल्याचं कळलं, तर ते मी गुपित ठेवू शकणार नाही, मला कळवावंच लागेल. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा तसं सांगतो. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात बालक आहे. सतरा वर्षांची मुलगी 'माझी मर्जी होती' म्हणाली, तरी कायदा ती संमती धरत नाही. सोळा-सतराच्या मुलांच्या आईवडिलांनाही हे बहुतेकदा माहीत नसतं. प्रेमप्रकरण म्हणून घरात दडपलेली गोष्ट उद्या मुलाच्या आयुष्यावर गुन्हा म्हणून येऊन पडू शकते. हे चौदाव्या वर्षी कळायला हवं, पोलिस ठाण्यात नव्हे.

'डेटिंग' म्हणून तुम्हाला जी भीती वाटते, तिच्यापेक्षा चिठ्ठ्या फार वेगळ्या असतात. "आम्ही चौघी होतो, आता त्या तिघी डबा खातात." "मुलींशी बोलताना माझा घसा सुकतो." "तो मला रोज मेसेज करू राहिला, ब्लॉक केलं तर वर्गात सगळ्यांना सांगेल का?" "मला मुली आवडत नाहीत, मी चूक आहे का?" (नाही. एवढंच उत्तर मी दिलं आणि मोठ्यानं दिलं.) एकदा : "फोटो पाठवला. आता तो अजून मागतो." त्या दिवशी तास तिथंच थांबवला. ज्या कुणी हे लिहिलंय, तिनं किंवा त्यानं आजच माझ्याकडे यावं, नाहीतर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या नंबरावर फोन करावा, चूक मागणाऱ्याची आहे, असं तीनदा सांगितलं. सोमवारी एक जण आलं. पुढचं इथं लिहिणार नाही.

मग आम्ही सराव करतो. खरंच सराव, बोलून. जोड्या मी लावते, मुलगा-मुलगा, मुलगी-मुलगी, कशाही. एकानं काहीतरी विचारायचं : वही, सोबत मिसळ खायला येतेस का, माझ्या गटात येतोस का. दुसऱ्यानं नाही म्हणायचं, कारण न देता. पहिल्यानं उत्तरात फक्त म्हणायचं, "बरं." बस. तुम्हाला वाटेल यात काय अवघड! करून बघा. मुलींना 'नाही' जमत नाही. त्या 'नाही, म्हणजे, आई ओरडेल' म्हणतात, हसतात, माफी मागतात. आणि मुलांना 'बरं' जमत नाही. 'का पण?' हे त्यांच्या तोंडून निघून जातंच. माझ्या वर्गातला कबड्डीचा कप्तान, धिप्पाड मुलगा, चार वेळा अडला. पाचव्या वेळी 'बरं' म्हणाला आणि बाकावर बसून पाणी प्यायला.

"आपल्या संस्कृतीत हे नको," असंही ऐकते. २००७ साली याच भावनेतून महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती. पण हे बाहेरून आलेलं खूळ नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक विषयांवर मोकळेपणानं बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक मराठीतच काढलं. अश्लीलतेचे खटले सोसले, पदरचे पैसे घातले आणि अखेरपर्यंत ते चालवलं. आपल्याच माणसानं आपल्याच भाषेत हे बोलायला सुरुवात केली, त्याला शंभर वर्षं होत आली.

न बोलण्याची किंमत मी बघितलीय. निफाडकडची, द्राक्षबागेतल्या घरातली एक मुलगी मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकत होती. नववीत होती. वर्गातल्या मुलाबरोबरचं तिचं चॅटिंग भावाला सापडलं. त्यात होतं काय? गणिताचा पेपर, कुत्र्याचे फोटो आणि एकदा 'तू छान गातेस'. चार दिवसांनी आजी आणि भाऊ दाखला न्यायला आले. मी आणि मुख्याध्यापिका तासभर बोललो. लग्नाच्या वयाचा कायदा सांगितला, परीक्षेपर्यंत तरी ठेवा म्हणून विनवलं. आजी एकच वाक्य म्हणत राहिली, "आता तिची जबाबदारी आमच्यानं नाही होणार." अठरा पुरी झाल्या-झाल्या तिचं लग्न झाल्याचं कळलं. 'तू छान गातेस' ही धोक्याची खूण नाही, हे त्या घराला सांगणारं कुणी आधी भेटलं असतं तर!

डेटिंग शिकवा असं मात्र मी म्हणणार नाही. कुठं भेटायचं, गंगापूर रोडच्या कुठल्या कॅफेत बसायचं, यात शाळेचं काय काम? ज्यांना कुणी आवडत नाही, किंवा अजून आवडायचं आहे, त्यांना आपण मागं पडलो असं वाटायला नको. गुण नकोत, परीक्षा नको. आणि वर्षातून एकदा पाहुणी बोलावून, मुलींना हॉलमध्ये बसवून मुलांना मैदानावर पिटाळणं हे तर अजिबात नको. मैदानावरून परत आल्यावर ती मुलं काय विचारतात, काय हसतात, ते आम्ही शिक्षिका ऐकतो. बसवायचं तर सगळ्यांना एकत्र, दर आठवड्याला, ओळखीच्या माणसासमोर.

परवाच्या पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपला अभ्यास शिकवा, हे बाकीचं आम्ही घरी बघतो." सातपूरला कंपनीत आहेत, शिफ्ट सोडून आले होते. मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. सभा संपली, सगळे गेले, ते थांबले. म्हणाले, "पोरगं दोन दिवस झाले जेवत नाही. कुणीतरी मुलगी नाही म्हणाली वाटतं. काय बोलू त्याच्याशी?"

मी म्हटलं, "आज काही बोलू नका. ताट वाढा आणि शेजारी बसून तुम्हीही जेवा."

ते बरं म्हणाले, जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत गेले आणि परत वर आले.

"कोण मुलगी, ते विचारू का?"

"नका विचारू."