बिनतारी १०८०पी : विलंबाच्या मोजणीपर्यंतची प्रगती

अभ्यासिकेतील लॅपटॉपचे चित्र भिंतीपलीकडच्या दिवाणखान्यातील टीव्हीवर एचडीएमआय केबलशिवाय पोहोचवण्याच्या कामात आता चित्राच्या सुबकतेपेक्षा विलंबाचा प्रश्न मोठा ठरला आहे. चित्रपट पाहताना आवाज आणि चित्र सारखेच मागे राहत असल्याने तो जाणवत नाही. माउस हलवताच मात्र हाताची आणि डोळ्यांची फारकत कळते.

अडचणीचे मूळ साध्या गुणाकारात आहे. १०८०पी चित्राचे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती होते. लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर दाखवण्याची मिराकास्ट ही पद्धत ही माहिती एच.२६४ या व्हिडिओ-आकुंचन पद्धतीने आकुंचित करून वाय-फायवरून पाठवते, आणि एन्कोडिंग (आकुंचन), बफर (तात्पुरती साठवण) व डीकोडिंग (पुन्हा उलगडणे) यांत वेळ जातो. २००८ साली आलेल्या वायरलेसएचडी या दुसऱ्या बिनतारी मानकाने ६० गिगाहर्ट्झची रुंद पट्टी वापरून आकुंचन टाळले. परंतु सुमारे ५ मिलिमीटर तरंगलांबीच्या त्या लहरींना माणूस आडवा आला तरी अडथळा होतो, त्यामुळे विटांच्या भिंतीसाठी तो पर्याय मी विचारातही घेतला नाही.

म्हणून डब्ल्यूएचडीआय या तिसऱ्या बिनतारी मानकावर चालणारा जुना प्रेषक-ग्राहक संच मिळवला. अमिमॉन या इस्रायली कंपनीच्या तंत्रावर उभे राहिलेले हे मानक ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीतील ४० मेगाहर्ट्झ रुंदीत काम करते. चित्राचा ठळक भाग अधिक संरक्षण देऊन आणि बारीक तपशील कमी संरक्षण देऊन पाठवण्याची त्याची रीत मला या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते, कारण संकेत क्षीण झाला की चित्राचे चौकोनी तुकडे पडत नाहीत, केवळ बारीक दाणे दिसू लागतात. भिंतीपलीकडे मला नेमके तेच दिसले.

मोजणीसाठी लॅपटॉप टीव्हीशेजारी आणून दोन्ही पडद्यांवर मिलिसेकंदांचे घड्याळ चालवले आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केले. टीव्हीचा स्वतःचा विलंब वेगळा काढता यावा म्हणून गेम मोड (टीव्हीची चित्रप्रक्रिया कमी करून विलंब घटवणारी सोय) चालू ठेवून आधी केबलने मोजणी केली. मिराकास्टचा जादा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास आला. डब्ल्यूएचडीआय आणि केबल यांत मात्र या रीतीने फरक सापडला नाही. ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदांनी एकदा बदलत असल्याने याहून सूक्ष्म निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

संध्याकाळी दाणे वाढतात, आणि घरातील राउटरही ५ गिगाहर्ट्झवरच असल्याने पहिला संशय त्याच्यावर आहे. पुढील टप्प्यात त्याला ५ गिगाहर्ट्झ पट्टीच्या खालच्या टोकाकडील ३६ ते ४८ या चॅनेलांत बांधून ठेवून, आणि नंतर पूर्णपणे २.४ गिगाहर्ट्झवर नेऊन, त्याच वेळेला चित्र पुन्हा तपासणार आहे.