व्हिडिओ गेले कुठं?
आज दुपारी विश्रामबागचं एक पोरगं घामाघूम होऊन स्टुडिओत, दादा हळदीचे सगळे व्हिडिओ उडाले ओ, नवरीकडचे सोडायचे नाहीत मला! म्हटलं आधी कार्ड काढ, आता त्यावर एक पण फोटो मारू नको. लावून बघतोय तर गडी नुसतं डीसीआयएम, म्हणजे फोटोंचं फोल्डर उघडून बसलेला, सोनी कॅमेऱ्याचे ४के व्हिडिओ प्रायव्हेट, मग एम४रूट, मग क्लिप या फोल्डरात असतात, सगळे होते जागेवर. फोटोंवर मात्र आडवे काळपट पट्टे, हॉलचे एलईडी आणि ह्याचं सायलेंट, म्हणजे बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर चालू! शटर मेकॅनिकल ठेव आणि त्याचा स्पीड १/१०० सेकंदाच्या आसपास, आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची हाय बाबा, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आलेले पट्टे काय पूर्ण निघत नाहीत, ते नवरीकडच्यांना तोच सांगणार, मी नाही 😄