घरामागचा जुना बिलबोर्ड आणि झोनिंग बोर्डाची सुनावणी: माझा अनुभव

न्यू जर्सीत तुमच्या घरापासून 200 फुटांच्या आत कुणी झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याच्या, नियमातून सूट मागितली, तर त्याने सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी तुम्हाला नोटीस द्यावी लागते. डिसेंबरात सर्टिफाइड मेलने तशी नोटीस आमच्याकडे आली. कुंपणामागे महामार्गाला लागून जुना बिलबोर्ड आहे. त्याच खांबावर एलईडी स्क्रीन लावायची परवानगी कंपनीने मागितली होती.

हा बिलबोर्ड उभा राहिला तेव्हा नियमात बसत होता. पुढे टाउनशिपने, म्हणजे आमच्या स्थानिक पालिकेने, झोनिंग बदललं आणि तो ‘नॉन-कन्फॉर्मिंग’ ठरला. अशा बांधकामाला राज्याचा कायदा संरक्षण देतो: ते आहे तसं राहू शकतं, काही भाग पडला तर दुरुस्तही करता येतो. पूर्ण नष्ट झालं तर मात्र हा हक्क जातो. आणि त्याचा वापर वाढवायचा तर झोनिंग बोर्डाकडून व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, घ्यावा लागतो, त्याला सातपैकी पाच मतं लागतात.

समोरचे काका म्हणाले, “अरे, आपण कॉलनीभर फिरून सह्या गोळा करू.” टाउनशिपच्या ऑफिसात विचारलं तर समजलं, सह्यांचं निवेदन बोर्ड पुरावा म्हणून धरत नाही. सही करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत ना! ज्याला म्हणणं मांडायचं आहे त्याने स्वतः येऊन शपथेवर बोलायचं. मला हा नियम पटला. काका बोलायला तयार झाले.

‘डिजिटल बिलबोर्ड नकोतच’ असं म्हणण्यातही अर्थ नव्हता. सॉमरसेट काउंटीतल्या फ्रँकलिन टाउनशिपने आय-287 महामार्गालगत साधे बिलबोर्ड चालू दिले होते, डिजिटलवर सरसकट बंदी घातली होती. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये ती बंदी रद्द केली, कारण तिला आधार देणारा पुरावा टाउनशिपने दिला नव्हता. तेव्हा बोलायचं ते याच जागेबद्दल आणि याच स्क्रीनबद्दल.

अर्जाची फाइल सुनावणीच्या 10 दिवस आधीपासून कुणालाही पाहता येते. ती मी टेबलावर पसरून पानन् पान वाचली. जाहिरात दर 8 सेकंदांनी बदलणार होती. फेडरल हायवे प्रशासनाच्या 2007 च्या मार्गदर्शक सूचनेतही 8 सेकंदांचीच शिफारस आहे, त्यामुळे तिथे हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. प्रकाशाचा हिशेबही नीट मांडलेला. पण आमच्या बाजूने स्क्रीन कशी दिसेल, हे दाखवणाऱ्या फोटोत मेपलची झाडं हिरवीगार होती. फोटो उन्हाळ्यातला! नोव्हेंबर ते एप्रिल तिथे नुसत्या काटक्या असतात. काकांच्या बेडरूमच्या खिडकीतून मी त्याच दिशेने फोटो काढला: फांद्यांमधून अख्खा बिलबोर्ड दिसत होता, खालच्या खांबासकट.

सुनावणी अर्थातच एका रात्रीत आटोपली नाही. कंपनीचा इंजिनिअर, ट्रॅफिकचा जाणकार, प्लॅनर असे एकेक साक्षीला आले. प्रत्येकाची साक्ष झाली की लोकांना प्रश्न विचारायची संधी मिळते, मात्र प्रश्नच, भाषण नाही. मी प्लॅनरना विचारलं, “हा फोटो कोणत्या महिन्यातला?” त्यांनी सरळ सांगितलं, “जुलैचा.” पुढचा प्रश्न बोर्डाच्या एका बाईंनीच विचारला: “मग हिवाळ्याचा कुठे आहे?” तो नव्हता. काकांनी नंतर शपथ घेतली आणि बेडरूममधून काय दिसतं ते चार वाक्यांत सांगितलं. स्क्रीन रात्री 11 ते सकाळी 6 बंद ठेवायची तयारी कंपनीने दाखवली. हे मला चांगलं वाटलं, पण संध्याकाळी पाचला काळोख पडतो त्या महिन्यांचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

चार मतं बाजूने, तीन विरोधात पडली. बहुमत मिळूनही अर्ज नामंजूर झाला.

पुढच्या बैठकीत लेखी ठराव झाला. निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून 45 दिवसांत कंपनी सुपीरियर कोर्टात जाऊ शकते, आणि ती मुदत अजून संपलेली नाही. कोर्ट प्रामुख्याने बोर्डापुढे जे आलं त्यावरूनच निर्णय देतं. म्हणून हिवाळ्यातला तो फोटो छापून मी सुनावणीतच दिला आणि त्यावर एक्झिबिट नंबर (पुराव्याचा क्रमांक) टाकून घेतला. काकांची साक्षही रेकॉर्डवर आहे.