लेफ्टी बॅटर आला की मी अर्धं पाऊल मागे सरकतो

मागच्या सीझनमधली एक मॅच डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलोय. गोरेगावला एका शाळेच्या मैदानावर रविवार सकाळची बेसबॉलची मॅच, ऑक्टोबरचं ऊन, नऊ वाजताच मास्कच्या आत घाम डोळ्यात उतरत होता आणि अंपायर मी एकटाच, बेसवर दुसरा अंपायर नाही. फर्स्ट बेसवर रनर, बॅटर लेफ्टी. पिचरने बॉल टाकला, रनर सेकंड बेसकडे सुटला, बॅटरच्या मागे बसलेला कॅचर बॉल घेऊन उठला, हात मागे नेला आणि त्याचं कोपर थाडकन माझ्या मास्कवर. थ्रो सेकंडच्या बराच वरून सेंटर फील्डला गेला आणि रनर थेट थर्डला. कॅचर वळून म्हणाला, "सर, माझा हात लागला तुम्हाला." मी म्हटलं, खेळ चालू आहे. पुढच्याच बॉलवर बॅटरने लांब फ्लाय, म्हणजे उंच फटका मारला, कॅच झाला पण थर्डवरचा रनर धावून आत आला, रन झाला, आणि कॅचरची टीम एका रनने हरली.

चूक माझी होती. आधी उभं राहायची, आणि मग तोंड न उघडायची. दुसरी जास्त लागते मला.

कारण नियम अगदी सरळ आहे. स्टील (रनरने पळून पुढचा बेस घेणं) रोखताना किंवा पिक-ऑफ (बेस सोडून उभ्या रनरला थ्रो करून टिपणं) करताना कॅचरच्या थ्रोला प्लेट अंपायरमुळे, म्हणजे कॅचरमागे उभ्या अंपायरमुळे अडथळा झाला तर ते अंपायर इंटरफिअरन्स. कॅचर पिचरला बॉल परत देताना असं झालं तरी लागू होतं. लगेच खेळ थांबवायचा नाही, त्या थ्रोचं काय होतं ते बघायचं, रनर आऊट झाला तर इंटरफिअरन्स धरायचाच नाही, आऊट म्हणजे आऊट. नाही झाला तर टाइम द्यायचा, म्हणजे खेळ थांबवायचा, आणि रनर होते तिथे परत. म्हणजे तो रनर फर्स्टवर उभा असायला हवा होता, थर्डवर नाही, आणि तो फ्लाय मग नुसता एक आऊट ठरला असता.

उलटंही होतं हां. बॉल कॅचरकडून सुटून मागे गेला, तो धावला आणि मला धडकला, की अख्खी टीम ओरडते, "सर मध्ये आले!" पण हा नियम थ्रोपुरता आहे, बॉलमागे धावताना झालेल्या धडकेला तो लागू नाही, खेळ चालूच राहतो. फेकलेला बॉल अंपायरला लागला तरी चालूच. मारलेला फेअर बॉल (रेषांच्या आतला) मात्र इनफिल्डरला ओलांडायच्या आधी अंपायरला लागला तर डेड, म्हणजे खेळ थांबतो, आणि बॅटरला फर्स्ट बेस मिळतो. आपण सगळे क्रिकेटमधून आलेलो, तिथे बॉल अंपायरला लागून उडाला आणि कोणी पकडला तर चक्क आऊट, म्हणून हे पटकन पचत नाही पोरांना.

आता उभं राहायचं. अंपायरची जागा कॅचरच्या बरोबर मागे नसते, कॅचर आणि बॅटरच्या मधल्या फटीत असते, त्याला स्लॉट म्हणतात, कारण तिथूनच प्लेटची आतली कड दिसते. बॅटर राइटी असेल तर ही फट कॅचरच्या डाव्या खांद्याकडे येते, आणि जवळपास सगळे कॅचर उजव्या हाताने फेकतात, म्हणजे फेकणारा हात मोकळा. लेफ्टी आला की मी कॅचरच्या उजव्या खांद्यावर जातो, बरोब्बर जिथे त्याचं कोपर मागे येणार तिथे. त्या दिवशी मी तिथे होतो आणि खूप जवळ होतो. नवीन अंपायर भीतीने कॅचरला चिकटतात, बॉल लागू नये म्हणून, मीही तेच करत होतो. काही जण कॅचरच्या पाठीवर हात ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, तो उठताना तो हात मध्ये येतोच.

आणि एकटा अंपायर असला की अजून एक मोह होतो. होमपासून सेकंड साधारण 127 फूट, तिथे रनरला बॉल लावून टॅग झाला की नाही हे मलाच ठरवायचं असतं, त्यामुळे रनर सुटताच नीट दिसावं म्हणून पाऊल पुढे टाकावंसं वाटतं, आणि कॅचरही त्याच क्षणी पुढे पाऊल टाकत असतो. टाकायचं नाही. थ्रो हातातून सुटेपर्यंत पाय रोवून उभं राहायचं, मग सरकायचं. मला हे जमायला महिने गेले, दर मॅचच्या आधी कॅचरसोबत पंधरा-वीस खोटे थ्रो करून बघतो आता, बॉल नुसता हातात, तो उठतो आणि मी बघतो कोपर कुठवर येतं. प्रत्येकाचं वेगळं येतं, उंच पोरांचं तर फारच मागे.

त्या टीमच्या कोचला मी दुसऱ्या दिवशी फोन केला, म्हटलं दादा, तो इंटरफिअरन्स होता, मी द्यायला हवा होता. ते जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पोराला सांगा तुम्हीच. सांगितलं. पुढच्या मॅचला तोच कॅचर होता, तिसऱ्या इनिंगला लेफ्टी बॅटर आला, तर त्याने मागे न बघताच विचारलं, "सर, जागा आहे ना?" मी म्हटलं, आहे, आणि तरीही अजून थोडा मागे झालो.